ठाम आवाजाचा माणूस

राज्यपालांना नेमकं काम काय असतं, असं मला नातेवाइकांनी प्रत्येक लग्नात विचारलेलं आहे. मी शिवानंद शेटे साहेबांची स्वीय सचिव म्हणून एका डोंगराळ राज्याच्या राजभवनात पाच वर्षं काढली, तरी मला या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नसे. दीक्षांत समारंभ, फिती, फुलं. मुख्यमंत्री रुसले की त्यांना चहाला बोलवायचं आणि रुसवा निघेपर्यंत हवापाण्यावर बोलत बसायचं. साहेबांचं सगळं आयुष्य पोलिसात गेलेलं, त्यांना हे जड जाई. "कर्णिकबाई," ते म्हणायचे, "मला दंगल द्या, पण उद्घाटन नको."

मग दंगलही आली. दोन खोऱ्यांतल्या लोकांत पाण्यावरून पेटलं, सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट लागली आणि अख्खं राज्य साहेबांच्या टेबलावर येऊन पडलं. त्याच सुमारास बाईसाहेब, साहेबांच्या पत्नी, गेल्या. साहेब बार्शीला जाऊन त्यांना माती देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी संचारबंदीच्या बैठकीला बसले.

तेव्हापासून त्यांचा आवाज बदलला. आधी ते बोलताना अडखळत, "म्हणजे असं बघा" करत, मध्येच घसा खाकरत. ते सगळं बंद झालं. खालच्या पट्टीत, सरळ, एकेक वाक्य, चढ नाही की उतार नाही. दिल्लीच्या पत्रकारांनी त्यांचं नाव 'पोलादी राज्यपाल' ठेवलं. रात्रीची झोपेची गोळी आणून देण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पोलाद काही माझ्या नजरेस पडलं नाही. पण मला कोण विचारतंय.

राजवट उठली आणि वर्षभरात साहेबांना दिल्लीहून बोलावणं आलं. पद होतं राष्ट्रीय सुरक्षा समन्वयक. पद नवं, खोली मोठी आणि तिला एकही खिडकी नाही. साहेबांनी मला विचारलं, "येता का?" मी म्हटलं, "इथे तरी काय ठेवलंय?" आम्ही दोघं दिल्लीला आलो आणि 'संकल्प'च्या पदरी पडलो.

संकल्प हे यंत्राचं नाव. सरकारला यंत्रांची नावं कायम पूजेतून सुचतात. ते काय करतं हे डॉ. लाहिरींनी पहिल्या दिवशी मला फार छान समजावून सांगितलं होतं. हडकुळ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. ते यंत्र त्यांचंच अपत्य.

माणूस विचारात असतो तेव्हा त्याच्या स्वरयंत्राचे स्नायू स्वस्थ बसत नाहीत. मेंदू दोन-तीन वाटा चाचपत असतो आणि प्रत्येक वाटेची थोडी थोडी आज्ञा घशापर्यंत उतरते. त्यामुळे आवाजात एक बारीक थरथर मिसळते, कानाला कळणार नाही इतकी बारीक. क्रियापद उच्चारायच्या आधी एक फट पडते. निर्णय पक्का झाला की बाकीच्या वाटा मिटतात, थरथर विरते, फट बुजते. माणूस काय करणार हे यंत्राला आवाजावरून कळत नाही. त्याचं ठरलं आहे की नाही, एवढंच कळतं. काय ठरलंय हे दुसरं यंत्र शब्दांवरून काढतं. बोलणं कुठल्याही भाषेतलं असो, ते त्याचं इंग्रजी करतं. 'ठरलं आहे' आणि 'वाईट ठरलं आहे' या दोन गोष्टी एकत्र आल्या की पडद्यावर नाव लाल होतं.

लाल नावाला तीस दिवसांचा प्रतिबंधक ताबा. कायद्याने प्रत्येक आदेशावर एका जिवंत माणसाची सही लागत असे. तो जिवंत माणूस म्हणजे आमचे साहेब.

सुरुवातीला ते प्रत्येक संभाषण ऐकायला मागत. मग नावं वाढली, ऐकणं मागे पडलं, नुसतं भाषांतर वाचणं सुरू झालं. वेगवेगळ्या भाषांचे जाणकार ठेवलेले होते, त्यांची गरज उरली नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आलं. त्यावरही सही साहेबांचीच. एक नियम मात्र त्यांनी स्वतः हट्टाने घालून घेतला. लाल नाव सही करणाऱ्याच्या नात्यातलं निघालं, तर त्याने त्या प्रकरणाला हात लावायचा नाही. सही उपसमन्वयक नेगींनी करायची.

"आपल्या घरचा माणूस सगळ्यांनाच निरागस वाटतो," असं साहेब तेव्हा म्हणाले होते. फार चांगला नियम, असं सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं.

नेगी स्वतः चालत साहेबांच्या खोलीत आले तेव्हा सकाळचा पहिला चहाही व्हायचा होता. गढवालचा शांत, कमी बोलणारा माणूस. एरवी ते सगळं पडद्यावरूनच पाठवत.

"सर, हे नाव तुम्ही बघू नये असा तुमचाच नियम आहे," ते म्हणाले. बोलणं हिंदीतच, मी ते इथे मराठीत देते आहे. "पण न दाखवता सही करणं मला जमेना."

पडद्यावर नाव होतं, महानंदा शेटे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बार्शी. व्यवसाय, शोभेच्या दारूचं परवानाधारक दुकान.

साहेबांची थोरली बहीण. अक्का. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आल्या, पुन्हा माहेरचंच आडनाव लावून वडिलांच्या दुकानात बसल्या आणि त्या गल्ल्यावरूनच त्यांनी धाकट्या भावाला पोलीस अधिकारी होईपर्यंत शिकवलं. साहेबांच्या तोंडून मी आयुष्यात एकाच माणसाबद्दल 'भीती वाटते' हे शब्द ऐकलेत, ते अक्कांबद्दल.

नेगींनी भाषांतर वाचून दाखवलं. "निर्णय झाला आहे. गुरुवारी तीव्रता वाढवायची. संपूर्णपणे. साठा बाहेर काढायचा. मंदिरासमोर शेवटचा स्फोट. शिवाला कळवायचं नाही." फोनच्या दुसऱ्या टोकाला होते दस्तगीर मुजावर, बार्शीच्या जत्रांत दारूकाम करणारे. आणि त्याच गुरुवारी बार्शीत एका केंद्रीय मंत्र्यांची सभा ठरलेली होती. ठरल्याचा आकडा शंभरात सत्त्याण्णव.

"मूळ ऐकवा," साहेब म्हणाले.

नेगींनी ऐकवलं. खिडकी नसलेल्या त्या खोलीत बार्शीचा आवाज आला आणि मला उगीचच गहिवरल्यासारखं झालं.

"आता ठरलं बघ, दस्तगीर. गुरुवारी वाढवायचं."

"समदंच, अक्का?"

"समदंच. मागं ठिवून करायचं काय? हाय तो माल काढायचा. देवळापुढं शेवटचं एकदा उडवू आन् हात धुवून मोकळं हू."

"शिवाभाऊंना सांगितलं?"

"त्याला कशाला? त्याला कुठं येळ हाय. त्याला नगं सांगू."

आवाज थांबला. साहेब पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ते आता यंत्राला शिव्या घालतील.

"अक्का दुकान वाढवतीये," ते मराठीत म्हणाले. "कर्णिकबाई, मला माहीत नव्हतं."

आपल्या बहिणीवर देशद्रोहाचा संशय आलाय हे त्या क्षणी त्यांच्या मनातही नव्हतं. बाबांचं दुकान बंद होतंय आणि आपल्याला ते एका यंत्राने सांगितलं, एवढंच त्यांना दिसत होतं. मला त्यांची इतकी दया आली की मी नेगींकडे वळून भराभर बोलायला लागले.

"अहो, आमच्याकडे दुकान बंद करणं म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. दुकान वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात."

नेगींनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे तुमच्याकडे वाढवणं म्हणजे संपवणं?"

"हो."

"आणि खरोखरच वाढवायचं असेल, तर काय म्हणता?"

"वाढवायचंच म्हणतो."

"मग कळतं कसं?"

"आवाजावरून कळतं की," मी म्हटलं.

आणि आवाजावरूनच तर नाव लाल झालं होतं.

डॉ. लाहिरींना बोलावून घेतलं. त्यांनी शब्दाचं ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे मान डोलावली. भाषांतर चुकलं असेल, त्या म्हणाल्या, दुरुस्ती नोंदवू, भाषा समितीकडे पाठवू. पण समिती बसणार पुढच्या आठवड्यात, आणि साध्या वेशातली माणसं बार्शीत दुकानासमोर आजच बसलेली. "शिवाय सत्त्याण्णव हा आकडा शब्दांचा नाही, आवाजाचा आहे. या बाईंनी काहीतरी अगदी पक्कं ठरवलंय. दुकान बंद करताना कोण इतकं ठाम असतं? माणूस हळहळतो, मागेपुढे करतो. त्याची थरथर दिसायला हवी होती."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मला रागच आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची दम्याची बाई, तिला तीस दिवस कुठल्याशा कोठडीत ठेवलं तर ती जिवंत बाहेर येईल का, हे त्या खोलीत कोणी बोलत नव्हतं. साहेबांना बोलायला तोंड नव्हतं, त्यांनी ते स्वतःच्याच नियमाने शिवून टाकलं होतं.

साहेबांनी चहा मागवला. चहा आला. ते एक घोट प्यायले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही या यंत्राला शिकवलं कुणाच्या आवाजावर?"

"हजारो लोकांच्या, सर. विद्यार्थी, जवान, अधिकारी. त्यांच्यापुढे खरे निर्णय ठेवले, निर्णयाआधीचा आणि नंतरचा आवाज घेतला."

"सगळे तरुण?"

"बहुतेक."

"दमलेलं कोणी होतं?"

लाहिरींनी चष्मा काढला. "दमलेल्यांचे नमुने आम्ही गाळले, सर. ते खराब येतात. माणूस फार थकला की स्नायू आधीच सैल पडतात, थरथर नीट मिळत नाही."

"मिळत नाही म्हणजे? कमी येते?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "जवळजवळ येतच नाही."

नेगींच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. ठरलेल्या माणसाचा आवाज सरळ होतो, आणि ज्याच्यात आता काही ठरवायचीही ताकद उरली नाही, त्याचाही तसाच होतो. यंत्राला दोन्ही सारखेच. पन्नासेक वर्षं गल्ल्यावर बसून अक्का दमल्या होत्या, बस. इतकी साधी गोष्ट, आणि ती ओळखायला आम्ही केवढी इमारत बांधली होती.

"हे सिद्ध करायला महिने लागतील, सर," लाहिरी म्हणाल्या. "दमलेल्या माणसांचे नमुने हवेत."

"एक इथे बसलाय," साहेब म्हणाले. "माझा आवाज लावा."

लाहिरी आणि नेगींनी एकमेकांकडे पाहिलं. ते बघणं मला आवडलं नाही.

साहेबांचा आवाज शोधावा लागलाच नाही, तो यंत्रात आधीपासूनच होता. लाहिरींनी राज्यपालपदाच्या शपथेनंतरचं पहिलं भाषण लावलं. तरुण नाही पण जिवंत आवाज, घसा खाकरणारा, "म्हणजे असं बघा" म्हणणारा. आकडा आला एकतीस. मग संचारबंदीतलं दूरदर्शनवरचं निवेदन लावलं, बाईसाहेबांना माती दिल्यानंतरचं. आकडा पंच्याण्णव. त्यानंतरचा प्रत्येक तुकडा नव्वदीच्या वर. शेवटी त्यांनी मघाशी खोलीत टिपलेलं एक वाक्य लावलं. "चहात साखर नको." शहाण्णव.

मला हसू आलं.

"माझं सगळं आधीच का भरून ठेवलंय यात?" साहेबांनी विचारलं.

नेगी बोलले, ते खालमानेने. "सर, तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चाललो होतो. या पदासाठी माणूस शोधताना सगळ्या राज्यपालांची, सगळ्या मोठ्या अधिकाऱ्यांची भाषणं यातून काढली होती. ठाम माणूस हवा होता. तुम्ही देशात पहिले आलात."

मी साहेबांकडे बघायचं टाळत होते. पोलीस, राज्यपाल, समन्वयक, लोक त्यांच्या चढत्या कमानीबद्दल लेख लिहीत. आणि ती कमान शेवटी उभी कशावर होती, तर बायको गेल्यावर दमलेल्या एका माणसाच्या घशातल्या सैल पडलेल्या दोन स्नायूंवर. साहेबांनी मात्र काहीच नाट्य केलं नाही. त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला.

"अक्काच्या प्रकरणाला मी हात लावत नाही," ते म्हणाले. "नियम आहे. पण यंत्र चुकतंय असं मला दिसलं तर ते बंद ठेवायचा अधिकार माझा आहे. बरोबर?"

"बरोबर," नेगी म्हणाले. "पण सर, बंद करताना कारण द्यावं लागेल. थकव्याला निर्धार समजतं, असं लिहिलं तर आजवर ज्यांना ताब्यात घेतलं त्यांचं काय सांगायचं?"

"चूक झाली म्हणून सांगायचं. सगळ्यांना सोडायचं, एकेकाचं पुन्हा ऐकायचं. माणसांनी, कानांनी."

"आणि तुमच्या नेमणुकीचं?"

"तेच सांगायचं. चूक झाली."

नेगींनी एकदा दाराकडे पाहिलं. "लोक म्हणतील, बहिणीला वाचवायला हे केलं."

"म्हणू देत की. तेही खरंच आहे." साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "बाई, लिहून घ्या."

त्यांनी सांगितलं, मी टंकलं. साधं, सरळ, एका पानाच्या आत. लाहिरी बाजूला उभ्या होत्या. त्यांचं अपत्य बंद पडत होतं, त्यांनी भांडायला हवं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "दमलेल्यांना गाळायला मीच सांगितलं होतं, सर." साहेबांनी मान हलवली. दोष कुणाचा, या विषयात त्यांना रस उरलेला नव्हता.

पडद्यावरची लाल नावं करडी झाली. तासाभरात वरून फोन सुरू झाले. पहिल्याने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्याने विचारलं, "कुणाच्या दबावाखाली?" तिसऱ्याने काही विचारलंच नाही, चौकशी समिती नेमल्याचं कळवलं आणि यंत्र महिन्याभरात नव्याने सुरू होईल असंही. साहेबांनी तिघांनाही सारख्याच आवाजात उत्तरं दिली. ऐकणाऱ्यांना ती उद्धट वाटली असणार. दुपारी त्यांनी राजीनामा माझ्याकडून टंकून घेतला. मी एक शब्द बदलायचं सुचवलं, ते म्हणाले, "राहू दे, कोण वाचतंय."

नेगींनी बार्शीतली माणसं मागे बोलावल्याचं येऊन सांगितलं. जाताना ते दारात थांबले. "सर, मी सही करणार होतो," ते म्हणाले. "तुम्हाला दाखवलं नसतं तर केली असती."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले. "मीही केली असती."

संध्याकाळी अक्कांचा फोन आला. अक्का साहेबांच्या फोनवर कधी करत नसत, माझ्याच फोनवर करत. 'बैठकीत असेल ना? असू दे' एवढं बोलून ठेवून द्यायच्या. आज मी त्यांना ठेवू दिला नाही. फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला आणि साहेबांपुढे सरकवला.

"काय रं शिवा, आज बैठक न्हाई व्हय?"

"नाही, अक्का."

"बरं झालं. मला वाईच सांगायचं हुतं. म्हणजे सांगणारच नव्हते, पर दस्तगीर लईच मागं लागला. गुरुवारी दुकान वाढवतीया मी."

"हो का?"

"हां. व्हईना रं आता. त्या दारूच्या वासानं छातीच भरती. आन् हे बघ, सकाळधरनं दोन पोरं समोर हाटेलात बसून माझ्या दुकानाकडं टक लावून बघत हुती. मला वाटलं, गिऱ्हाईक हाय, लाजतंय. च्या पाठवून दिला. च्या पिली आन् दुपारी न बोलता निघून गेली. काय माणसं असत्यात एकेक."

मी तोंडावर हात ठेवला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी डोळे मिटले.

"शिवा? ऐकतूयस का?"

"ऐकतोय."

"मग असा का बोलतूयस?"

"कसा?"

"असा. सपाट. तुझी बायको गेल्यापासनं असाच बोलतूयस, मी काय म्हणाले न्हाई. म्हटलं, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, तसं बोलावं लागत आसंल." पलीकडे अक्कांना खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत त्या थांबल्या. "दमलास व्हय रं?"

देशातल्या सगळ्यात मोठ्या यंत्राने ज्या आवाजाला शंभरात पंच्याण्णव दिले होते, तो आवाज आला नाही. साहेबांनी घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. "म्हणजे... अक्का, असं बघ..." ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. खालचा ओठ लहान मुलासारखा हलायला लागला.

"बरं बरं," अक्का म्हणाल्या. "न्हाई सांगितलंस तरी चालंल. नुसता ऐकत बस. मी बोलते."

आणि त्या बोलत राहिल्या. पत्र्याला भोक पडल्याचं, दस्तगीरच्या नातीच्या लग्नाचं, यंदाच्या ज्वारीचं. मी माझी पर्स उचलली, बाहेर आले आणि दार हळूच ओढून घेतलं.